संगणकाची पुनःस्थापना, लेखांक सहावा: ड्राइव्हचे अक्षर कोणाच्या दप्तरी?

अपडेट कोणत्या क्रमाने घ्यावेत हा विषय या आठवड्यासाठी मुक्रर केला होता. तथापि मधल्या काळात सांगलीच्या एका सेवानिवृत्त शिक्षिकाबाईंचे पत्र आले आणि ते वाचल्यावर ठरलेला विषय तहकूब ठेवणेच मला इष्ट वाटले. अपडेट विंडोज स्वतःहूनही उतरवून घेत राहते. ड्राइव्हच्या बाबतीत मात्र घाबऱ्या मनाने दाबलेले एक बटण वर्षानुवर्षांचा संग्रह क्षणात नाहीसा करू शकते.

बाईंचा संगणक दुकानदाराने नव्याने बसवून दिला. घरी आणून पाहतात तो ज्या ‘डी’वर नातवंडांची छायाचित्रे आणि गृहनिर्माण संस्थेचा जमाखर्च होता, तिथे डीव्हीडीचा ड्राइव्ह विराजमान, आणि जुन्या साठ्यातून परत आणलेले डेस्कटॉपवरचे शॉर्टकट एकामागून एक निकामी. ‘माझा डी पुसला गेला का हो?’ असे त्यांनी विचारले आहे. बाई, काहीही पुसले गेलेले नाही. तुमची छायाचित्रे ‘ई’ या अक्षराखाली सुखरूप आहेत, हे तुम्हीच जोडलेल्या पडद्याच्या चित्रावरून दिसते.

असे का होते हे समजून घेण्यासाठी एक गोष्ट मनात पक्की करावी लागेल, ती ही की ड्राइव्हचे अक्षर हे डिस्कवर लिहिलेले नसते. डिस्कवर असते ते विभागांचे कोष्टक: अमुक विभाग इथून सुरू, तिथे समाप्त. जमिनीचा गट आपल्या हद्दींसह जिथल्या तिथे राहतो आणि त्यावर कोणाचे नाव लागले हे तलाठ्याचे दप्तर सांगते, तसाच हा प्रकार आहे. विंडोजचे ते दप्तर म्हणजे रजिस्ट्रीतील ‘माउंटेड डिव्हाइसेस’ हे प्रकरण, आणि ते राहते ‘सी’वर. सी पुसून विंडोज नव्याने बसवले की जुने दप्तर त्याबरोबर जाते, नवे विंडोज कोऱ्या वहीने कामास लागते आणि त्या वेळी जी जी साधने जोडलेली दिसतील त्यांना आपल्या हिशेबाने अक्षरे बहाल करते. बसवणी चालू असताना विसरून लावून ठेवलेला पेन ड्राइव्हसुद्धा अशा वेळी ‘डी’चा मानकरी होऊन बसतो.

या अक्षरांचा पूर्वेतिहास मला फार प्रिय आहे आणि तो इथे अप्रस्तुतही नाही. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास रचलेल्या सीपी/एम या प्रणालीत ड्राइव्ह अक्षरांनी ओळखले जात; तीच रीत १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर आलेल्या डॉसने उचलली. फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह, म्हणून ‘ए’ आणि ‘बी’; १९८३ च्या एक्सटी यंत्रात १० एमबीची हार्ड डिस्क आली, तिला ‘सी’. पण ज्या गरीब यंत्रात फ्लॉपीचा एकच ड्राइव्ह असे, तिथेही डॉस ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन्ही नावे चालवीत असे, आणि ‘बी’ची आज्ञा दिली की ‘आता बीची फ्लॉपी घाला’ असे पडद्यावर सांगून त्याच एका फटीतून दोघांचे काम भागवीत असे. एका यंत्राला दोन नावे! अक्षर ही वस्तू नसून प्रणालीने लावलेले नाव आहे, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही. पुढे तर डॉस दर वेळी सुरू होताना नावे नव्याने लावी: आधी प्रत्येक डिस्कचा प्राथमिक विभाग, मग उरलेले, त्यामुळे दुसरी डिस्क जोडताच काल रात्रीचा ‘डी’ सकाळी ‘ई’ झालेला असे. आजचे विंडोज निदान नोंद ठेवते, म्हणून एकदा लावलेले अक्षर त्या विभागाला सहसा टिकते.

तेव्हा बाईंनी करावयाचे ते एवढेच. विंडोजचे बटण आणि ‘एक्स’ एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसेल. ज्या तुकड्यावर गडद निळी रेघ आहे तो प्राथमिक विभाग, काळी रेघ म्हणजे कोणालाही न दिलेली जागा. प्रथम डीव्हीडीच्या ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मध्ये त्याला ‘आर’सारखे दूरचे अक्षर द्यावे, आणि मगच ‘ई’ला ‘डी’ करावे. ‘डी’ रिकामा झाल्यावाचून तो यादीत दिसणारच नाही. काही प्रोग्राम यामुळे चालणार नाहीत अशी ताकीद पडद्यावर येईल. ती खरी आहे, आणि म्हणूनच हे काम इतर प्रोग्राम बसवण्याच्या अगोदर उरकावे, कारण ते बसवले जाताना जो मार्ग दिसेल तोच लक्षात ठेवतात. ‘सी’च्या वाटेला जाऊ नये, त्याचे अक्षर विंडोज इथून बदलूही देत नाही.

दोन प्रसंगी मात्र हात आखडावा. जुनी डिस्क जोडल्यावर ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ किंवा ‘इनिशियलाइझ करावी लागेल’ असा प्रश्न आला, तर कितीही आर्जवी वाटला तरी ‘कॅन्सल’च दाबावे. त्या प्रश्नाचा अर्थ विंडोजला तिथले लिखाण वाचता आले नाही इतकाच असतो. लिखाण नाही असा होत नाही. तसेच जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढून दोन्ही एकदम जोडल्या असतील, तर दोहोंची ओळखखूण एकच असल्याने विंडोज त्यांतली एक ‘ऑफलाइन’ ठेवते. ती ‘ऑनलाइन’ करताच तिच्यावर नवी खूण लिहिली जाते आणि तिच्यावरचे विंडोज पुढे सुरू होण्यास नकार देऊ शकते. म्हणून त्यांपैकी एक काढून ठेवून नवी डिस्क नीट चालते याची खात्री आधी करून घ्यावी.

त्या पट्टीवर अक्षर नसलेले दोन लहान तुकडेही बाईंना दिसले आहेत आणि ते काढून टाकून जागा वाढवावी काय, अशी त्यांची पृच्छा आहे. मुळीच नाही. एक तुकडा संगणक सुरू करण्याचा आहे. दुसरा ‘रिकव्हरी’चा, ज्याच्या आधारे उद्या पुन्हा संकट आले तर दुरुस्ती करावयाची. हा दुसरा किती महत्त्वाचा आहे हे ९ जानेवारी २०२४ रोजी दिसून आले: विंडोज १० साठीचे त्या दिवशीचे एक सुरक्षा अपडेट अनेक संगणकांवर पुनःपुन्हा फसत राहिले, कारण त्याला याच विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि तेवढी तिथे नव्हती. ती जागा ‘सी’मधून कशी काढून द्यावी, हे पुढील आठवड्यात, अपडेटच्या क्रमाबरोबरच सांगेन.