एक जागा पक्की झाली. आता उरलेल्या मोकळ्या करा

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले नगर. सोलापूर-कलबुर्गी लोहमार्गावरील स्थानक असल्यामुळे दहावीनंतर येथील मुलांसमोर दोन दिशा असतात : एकीकडे अक्कलकोट व सोलापूर, दुसरीकडे कलबुर्गी. साहजिकच अनेक पालक तीन-चार ठिकाणी अर्ज करून ठेवतात. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न उद्भवतो तो एका ठिकाणचा प्रवेश निश्चित झाल्यावर. उरलेल्या अर्जांचे काय करावयाचे?

पहिली पसंती बंधनकारक

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांच्या क्षेत्रांपुरती होती. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षी ती संपूर्ण राज्यात लागू करण्यात आली आणि दुधनीसारख्या ठिकाणचे विद्यार्थीही तिच्या कक्षेत आले. त्या वर्षीच्या नियमांनुसार विद्यार्थ्याला कमाल १० महाविद्यालये पसंतीक्रमाने नोंदविता येत होती. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जात असे. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास मात्र पुढील फेरीची वाट पाहण्याची मुभा होती. म्हणूनच पहिल्या क्रमांकावर लिहिलेले नाव हा एक प्रकारे आधीच दिलेला होकार असतो. ते नाव अंतर, वसतिगृह व खर्च यांचा विचार करूनच लिहावे.

अभियांत्रिकी प्रवेशातही हेच तत्त्व आहे. २०२५-२६ मध्ये पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक जागा मिळाल्यास ती स्वीकारणे आवश्यक होते.

परदेशातील पदवीप्रवेश

अमेरिकेतील काही विद्यापीठांत ‘अर्ली डिसिजन’ नावाची पद्धत आहे. कॅथलिक परंपरेतील बॉस्टन कॉलेज हे त्यांपैकी एक. अशा ठिकाणी सामान्यतः नोव्हेंबरच्या सुरुवातीस किंवा मध्यास अर्ज करावा लागतो व पहिल्या टप्प्याचा निर्णय डिसेंबरमध्ये कळतो. अर्ज करतानाच विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक या तिघांच्या स्वाक्षऱ्या घेतल्या जातात. निवड झाल्यास तेथेच प्रवेश घेण्याचे व अन्य सर्व अर्ज तत्काळ मागे घेण्याचे ते वचन असते. मिळालेल्या आर्थिक साहाय्यात शिक्षण खरोखरच परवडत नसेल, तर विद्यापीठाशी बोलून या वचनातून मुक्त होता येते. परंतु मौन बाळगून दोन ठिकाणी जागा धरून ठेवणे हा वचनभंग ठरतो आणि त्यामुळे मिळालेला प्रवेशही गमावण्याची वेळ येऊ शकते.

अर्ज मागे का घ्यावा?

एकाच प्रणालीत एक जागा स्वीकारली की बाकीच्या पसंती आपोआप गळून पडतात. परंतु दोन स्वतंत्र व्यवस्था एकमेकींशी जोडलेल्या नसतात. मुलीने कलबुर्गीत प्रवेश घेतला, हे सोलापूरच्या महाविद्यालयाला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. तोपर्यंत तिच्या नावाची जागा अडून राहते आणि प्रतीक्षा यादीतील दुसऱ्या एखाद्या घरातील मूल ताटकळत राहते. कदाचित त्याच्यासाठी तेवढे एकच महाविद्यालय परवडणारे असेल. अल्पसंख्याक कोट्यातून घेतलेल्या जागेलाही हेच लागू आहे.

विलंबात आपलेही नुकसान आहे. पदवीप्रवेशासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते; त्यातून प्रक्रिया-खर्च म्हणून फार तर ५ टक्के, तेही कमाल ५,००० रुपयांपर्यंत, कापता येतात. अंतिम तारखेपूर्वी १५ पेक्षा कमी दिवस उरले असता ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के रक्कम मिळते. त्यानंतर काहीच मिळत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यासही या नियमांनी मनाई केली आहे.

काय करावे?

प्रथम, नवी जागा खरोखर निश्चित झाल्याची खात्री करावी. शुल्काची पावती वा लेखी प्रवेशपत्र हाती येईपर्यंत दुसरा अर्ज मागे घेऊ नये. नंतर मात्र विलंब न करता प्रत्येक संस्थेला संकेतस्थळावरून किंवा पत्राने कळवावे. मजकूर एवढाच पुरे : ‘माझा अर्ज क्रमांक अमुक आहे. माझा प्रवेश अन्यत्र निश्चित झाल्याने मी हा अर्ज मागे घेत आहे. ही जागा प्रतीक्षेतील विद्यार्थ्यास द्यावी, ही विनंती.’ शुल्क भरले असल्यास परताव्याची मागणीही त्याच पत्रात करावी. कळविल्याची पोच जपून ठेवावी आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला कोठे आहे, याची नोंद घरात असावी.

नियम दरवर्षी बदलू शकतात. म्हणून त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका अवश्य पाहावी. पत्र लिहिण्यास दहा मिनिटे पुरतात. त्या दहा मिनिटांत दुसऱ्या एखाद्या मुलाचे वर्ष वाचू शकते.