वृषणाची बायॉप्सी कशासाठी?

घरात पाळणा हलत नाही असे दिसले, की पहिले बोट सुनेकडे वळते. वस्तुतः पतीच्या वीर्याची तपासणी अगदी सोपी. ती आधी व्हावयास हवी. दोन वेळा तपासूनही वीर्यात शुक्रजंतू मुळीच आढळले नाहीत, तर प्रश्न असा पडतो: शुक्रजंतू निर्माणच होत नाहीत, की निर्माण होऊन त्यांची वाट अडली आहे? विहीर कोरडी आहे, की पाट बुजला आहे?

त्याच्या उत्तरासाठी १९४० च्या सुमारास अमेरिकेत वृषणाच्या बायॉप्सीचा उपयोग होऊ लागला. जागा बधिर करून वृषणाचा लहानसा तुकडा काढतात व तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये त्यातील नाजूक पेशी आक्रसतात, म्हणून तो बहुधा निराळ्या द्रावणात ठेवतात. नलिकांत शुक्रजंतूंची वाढ पूर्ण झालेली दिसली, तर दोष वाटेचा. कोठे ती अर्ध्यावरच थांबलेली असते. कोठे नुसत्या पोषक पेशीच उरलेल्या असतात.

आता मात्र केवळ निदानासाठी हा छेद क्वचितच घेतात. वृषणाचा आकार व रक्तातील एफ.एस.एच. हे संप्रेरक यांवरून पुष्कळसा उलगडा होतो. शिवाय एक तुकडा म्हणजे सारे वृषण नव्हे; एका जागी काही नसले, तरी शेजारी शुक्रजंतू सापडू शकतात. एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा साधल्याचे १९९२ साली ब्रुसेल्सहून प्रसिद्ध झाले, तेव्हापासून अशा थोडक्या शुक्रजंतूंनाही मोल आले. ते गोठवून ठेवता येतात. तशी सोय तेथे आहे काय, हे पतिपत्नींनी छेद घेण्यापूर्वीच विचारावे.