मुलांचा फुटबॉल आणि अंगाचा ‘उतारा’



उसाची नोंद करायला आम्ही गावी गेलो असता एका सभासदाने तक्रार सांगितली, “साहेब, पोऱ्या रोज फुटबॉल खेयस, तेना अंगले काहीच लागत नही.” तीन महिन्यांत वजन जेमतेम अर्धा किलो वाढले, म्हणून त्यांनी मुलाचा खेळ बंद करायचे ठरविले होते. पोरगा कोपऱ्यात तोंड पाडून उभा होता.

आम्ही त्यांना उसाचाच हिशेब विचारला. तोडीच्या तोंडावर पाणी दिलेला ऊस काट्यावर वजन भरतो, पण उताऱ्याला पडतो. मुलाच्या अंगाचेही तसेच आहे. त्यात हाड, स्नायू, पाणी आणि चरबी असते. यांपैकी काय वाढले आणि काय घटले, ते काटा सांगत नाही. खेळणाऱ्या मुलाची चरबी थोडी कमी होऊन स्नायू भरले, तर वजन जवळपास तेवढेच दिसते. तो तोटा नव्हे.

आपल्याकडे हे विशेष ध्यानात घ्यावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांतील नवजात बाळे तपासली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे वजन सरासरी 2.7 किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो होते. आपली बाळे स्नायूंनी बरीच कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे किडकिडीत दिसणारे पोरही आतून चरबीचे असू शकते, आणि पुढे मधुमेहाची वाट तिथूनच फुटते. (साखर कारखान्याच्या माणसाने हे लिहावे याचे हसू येईल, पण खरे ते खरे.)

फुटबॉलमध्ये पळणे, थांबणे, वळणे, उडी मारणे सारखे चालू असते. त्याने छातीचा दम वाढतो, मांड्या-पोटऱ्या भरतात, हाडावर भार पडून ते घट्ट होते. मात्र आठवड्यातून एकदा खेळून काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनतीची हालचाल सांगते. बावीस गडी जमवू नयेत. पाच-पाच जणांच्या डावात प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त लागतो. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू पुरे. आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच खेळवावे, मधून मधून पाणी द्यावे. खेळून आल्यावर कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, केळी, दूध मिळाले पाहिजे. उपाशी पोटी खेळून स्नायू भरत नाहीत. आणि मुलींना भांडी घासायला घरी ठेवू नका, त्यांच्या हाडांनाही हीच गरज आहे.

17 वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्यभर शाळांतून फुटबॉल खेळवला गेला, चेंडूही वाटले गेले. आपल्या गावच्या शाळेत चेंडू असेल तर त्यात हवा आहे का, ते एकदा बघून या.

त्या सभासदांनी मुलाला पुन्हा मैदानावर सोडले आहे. मैदानाच्या अर्ध्या भागात उसाच्या गाड्या उभ्या राहतात, त्या सायंकाळी पाचनंतर तिथे लावू नयेत असे आम्ही गाडीवानांना सांगितले आहे.