सुक्या मासळीचे सार आणि जपानी न्याहारी

परवा कशेळीच्या एक आजी दवाखान्यात आल्या. वय पासष्टीच्या घरात, रक्तदाब १७०/१००. गोळ्या वेळेवर घेतात, पण आकडा काही खाली येत नाही. आहाराची चौकशी केली तेव्हा कारण कळले. सकाळी चहा आणि खारी, दुपारी भाकरी आणि खारवलेला मासा, रात्री पुन्हा तेच आणि सोबतीला पापड, लोणचे. मीठ कमी करा, खारे मासे बंद करा, असे सांगताच आजींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "सुक्या मासळीशिवाय भाकर घशाखाली कशी उतरायची, डॉक्टर?"

बरोबर सूनबाई होत्या. त्यांनी जरा भीत भीत विचारले, "डॉक्टर, आमचा पोरगा जपानी भाषा शिकतोय. तो सकाळी सुक्या माशाचं पाणी उकळून सूप करतो. आईंना दिलं तर चालेल का?"

प्रश्न मोलाचा होता. त्याचे उत्तर अनेक घरांच्या उपयोगाचे आहे, म्हणून आज त्याविषयी थोडे विस्ताराने.

जपानी माणूस सकाळी काय खातो?

आपल्याला जपान दूरचा वाटतो, पण आता तो तितका दूर राहिलेला नाही. टोकियोच्या एडोगावा भागात अनेक मराठी कुटुंबे राहतात. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली तेथील स्थानिक सभागृहावर निवडून आले. अशा घरांतून जपानी पदार्थांची माहिती आपल्याकडेही येऊ लागली आहे.

जुन्या वळणाच्या जपानी घरात सकाळी वाफाळता भात, वाटीभर सूप, भाजलेल्या माशाचा तुकडा, एखादे अंडे, थोडी भाजी आणि लोणचे असते. म्हणजे कोकणातल्या माणसाला ओळखीचेच जेवण, फक्त तेल अगदी कमी आणि मसाला जवळजवळ नाहीच. भात, सूप आणि तीन लहान पदार्थ, अशी तेथील ताटाची रीत आहे. २०१३ साली युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

या साऱ्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचे सार. कोंबू ही समुद्रातली वनस्पती आणि सुकवलेला मासा पाण्यात उतरवून ते करतात. घरगुती सूपासाठी तेथील गृहिणी लहान सुके मासे वापरतात. हे मासे आपल्या मांदेलीच्याच कुळातले आहेत! तेव्हा कशेळीच्या आजींच्या डब्यात जे आहे, ते जपानी आजींच्या डब्यातल्याहून फार वेगळे नाही.

चवीचे शास्त्र

आयुर्वेदाने मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहा रस सांगितले. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या सारातली चव कशाची, याचा शोध घेतला. ती ग्लुटामिक आम्लाची निघाली. त्या चवीला त्यांनी 'उमामी' असे नाव दिले. पुढे १९१३ साली शिंतारो कोदामा यांना सुक्या माशात याच जातीची चव देणारा दुसरा घटक सापडला. हे दोन्ही घटक एकत्र आले की चव कितीतरी पटीने वाढते.

टोमॅटोतही ग्लुटामिक आम्ल असते. सुक्या मासळीच्या कालवणात टोमॅटो पडला की ते रुचकर का लागते, याचे एक कारण हेच. रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ही चव भरपूर असली म्हणजे कमी मिठातही पदार्थ अळणी लागत नाही.

पण जपान्यांची चूक करू नये

जपानी जेवण म्हणजे निरोगी जेवण, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. १९५१ ते १९८० या काळात जपानमध्ये मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते मेंदूतील रक्तवाहिन्यांचा विकार, म्हणजे पक्षाघात. उत्तरेकडील थंड भागात हिवाळ्यासाठी भाज्या आणि मासे मिठात मुरवून ठेवत. तेथे माणशी दररोज २० ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जात होते.

पुढे तेथे मीठ कमी करण्याच्या मोहिमा झाल्या. नागानो या डोंगराळ प्रांतात आरोग्य स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन लोणचे कमी खा, सूपात पाणी कमी आणि भाज्या जास्त घाला, असे शिकवले. एकेकाळी पक्षाघाताने गाजलेला हा प्रांत नंतर दीर्घायुष्यासाठी प्रसिद्ध झाला. तरीही जपानी माणूस आजही दिवसाला सुमारे १० ग्रॅम मीठ खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा. यात लोणचे, पापड, फरसाण, खारी यांतले मीठही आले.

म्हणून जपान्यांकडून सार शिकावे, मीठ शिकू नये.

घरी सार कसे करावे?

आधी एक भेद लक्षात घ्यावा. वलांडीवर नुसत्या उन्हात वाळवलेले बोंबील, मांदेली किंवा जवळा वेगळे आणि मीठ लावून खारवलेले मासे वेगळे. सारासाठी पहिल्या प्रकारचेच घ्यावेत. विकत घेताना विचारून, एक तुकडा चाखून घ्यावा. कुबट वासाचे किंवा बुरशी आलेले मासे घेऊ नयेत.

मूठभर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम सुकी मांदेली घ्यावी. डोकी आणि पोटाचा काळा भाग काढून टाकावा, नाहीतर सार कडवट होते. वाळू निघेपर्यंत धुऊन एक लिटर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावी. मग मंद आचेवर ठेवून उकळी आल्यावर फेस काढावा आणि आठ-दहा मिनिटांनी फडक्यातून गाळून घ्यावे. हळद, मसाला, मीठ काही घालू नये. उरलेल्या मांदेलीची चटणी होते.

माळकरी मंडळींनी सुके शिताके मशरूम पाण्यात तीन-चार तास भिजवून ते पाणी टोमॅटोबरोबर उकळावे. डाळीच्या कटाची आमटी करणाऱ्या आपल्या गृहिणींना अशा पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

अंड्याचे सूप : चार वाट्यांसाठी ६०० मिलिलिटर सार उकळावे. त्यात एक लहान चमचा सोया सॉस, पाव चमचा मीठ आणि थोडे आले घालावे. दोन लहान चमचे कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून त्यात सोडावे. उकळत्या सारात दोन फेटलेल्या अंड्यांची बारीक धार धरावी. अर्धा मिनिट ढवळू नये आणि अंडे पूर्ण शिजू द्यावे. वर पातीचा कांदा चिरून घालावा. एका वाटीत वरून घातलेले मीठ अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येते.

मिसो सूप : मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. मुंबईतील मोठ्या दुकानांत मिळतो, पण महाग असतो. लाल भोपळा, मुळा, पालक आणि सोया पनीर साराच्या चार वाट्यांत शिजवावे. गॅस बंद करून दोन मोठे चमचे मिसो विरघळवावा. पुन्हा उकळू नये, सुवास जातो. वेगळे मीठ मुळीच घालू नये, कारण एका वाटीत सुमारे एक ग्रॅम मीठ आधीच असते. दिवसातून एकच वाटी पुरे. मिसो न मिळाल्यास काही बिघडत नाही.

ओकायु : ही तर आपली पेजच. एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, मंद आच, मीठ नाही. आजारी माणसाला जपानमध्येही हीच देतात.

न्याहारीला लहान वाटीभर पेज किंवा अर्धी भाकरी, एक वाटी सूप, काकडीच्या फोडी आणि सूपात अंडे नसल्यास एक उकडलेले अंडे, एवढे पुरते. सार रात्री करून फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळी पंधरा मिनिटांत सारे होते. गोदामात पहिल्या पाळीला जाणाऱ्या स्त्री-पुरुषांनी रिकाम्या पोटी चहावर निघण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

कोणी सांभाळावे?

युरिक आम्ल वाढलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी सुक्या माशाचे सार डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मधुमेहींनी पेज थोडी घ्यावी, ती रक्तातील साखर लवकर वाढवते. कोंबूमध्ये आयोडीन फार असते, म्हणून थायरॉईडच्या रुग्णांनी तो टाळावा. नात्तो हे आंबवलेले सोयाबीन रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन या गोळीचा परिणाम कमी करते. जपानी लोक भातावर कच्चे अंडे घेतात, त्याचे अनुकरण करू नये. पाकिटातले तयार सूप आणि नूडल्स यांत मीठ भरपूर असते, ते या यादीत बसत नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सूप सुरू केले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नयेत.

आजींना मी सांगितले, "खारा मासा बंद, पण मांदेलीचे सार चालू. नातवालाच करायला सांगा." आजी हसल्या. "म्हणजे मासळी सुटली नाही म्हणायची," असे म्हणत उठल्या. पथ्य म्हणजे केवळ ताटातून पदार्थ काढून घेणे नव्हे. जे काढले त्याच्या जागी रुचेल असे काही ठेवले, तरच ते पथ्य टिकते.