संगणकाच्या पेटीतील हवा : थंडावा आणि शांतता यांचा हिशोब

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आपण गेली तीस वर्षे प्रत्येक कार्यक्रमात ऐकत आलो आहोत. परंतु हाच संगणक मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपोआप बंद का पडतो, हे मात्र कोणी व्यासपीठावरून सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. विद्यार्थी मित्रांनी हा लेख शक्यतो संगणकाजवळ बसून वाचावा.

आमच्या अभ्यासिकेत एक डेस्कटॉप संगणक आहे. खोली पत्र्याच्या छताची, गाव विदर्भातले. तेव्हा उन्हाळ्यात काय होत असेल हे वेगळे सांगावयास नको. मुले त्यावर प्रोजेक्ट टाइप करतात, प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. दोन वर्षांपूर्वी हा संगणक दुपारच्या वेळी बंद पडू लागला. अर्जाच्या शेवटच्या दिवशी एका मुलीची भरलेली माहिती तीन वेळा पुसली गेली आणि अखेर तिला सायबर कॅफेच्या रांगेत रात्री नऊपर्यंत उभे राहावे लागले. दुरुस्ती करणाऱ्याने पाहून सांगितले, "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या." त्याने सांगितलेली रक्कम आमच्या दोन महिन्यांच्या वर्गणीएवढी होती. सुदैवाने पैसे लगेच जमले नाहीत. सुदैवाने म्हणतो, कारण मदरबोर्ड गेलेला नव्हताच.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. घरोघरी ज्या उभ्या पेटीला सर्रास 'सीपीयू' म्हणतात, तिचे खरे नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो आत मदरबोर्डवर बसविलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा हीटसिंक व एक लहान पंखा असतो. विजेचा पुरवठा करणारी डबी म्हणजे एसएमपीएस, तिचा पंखा निराळा. या लेखात ज्या पंख्यांविषयी सांगावयाचे आहे ते यांहून वेगळे, म्हणजे कॅबिनेटच्या पुढे, मागे किंवा वर बसवावयाचे पंखे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीमध्ये असा पंखा नव्हता. त्याच्या प्रोसेसरला हीटसिंकसुद्धा लागत नसे, वीजपुरवठ्याच्या डबीतील एक पंखा सर्वांना पुरत असे. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि प्रोसेसरवर हीटसिंक व पंखा असणे हळूहळू नेहमीचे झाले. आज मोठ्या प्रोसेसरपैकी काही एकटेच पूर्ण कामात २०० वॅटहून अधिक वीज घेतात.

आता मुख्य मुद्दा. संगणक जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सर्वच्या सर्व शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. २०० वॅट घेणारा संगणक म्हणजे बंद पेटीत जळत असलेले शंभर वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब, असे समजावे. ही उष्णता बाहेर गेली नाही तर प्रोसेसरचे तापमान चढत जाते. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०५ अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करून घेतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर जळण्यापूर्वी संगणक बंद पडतो. म्हणजे आमचा संगणक बंद पडत होता तो बिघडल्यामुळे नव्हे, स्वतःला वाचविण्यासाठी.

पंख्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. पंखा गारवा निर्माण करतो असे आपल्याला वाटते, कारण छताच्या पंख्याखाली बसल्यावर आपल्याला गार वाटते. परंतु तो गारवा आपल्या घामाचा असतो. हवा लागून घाम वाळतो व अंगातील उष्णता घेऊन जातो. संगणकाला घाम येत नाही. पंखा त्याच्यासाठी एकच काम करू शकतो, आतील तापलेली हवा बाहेर टाकून खोलीतील हवा आत आणणे. म्हणून खोलीत ४३ अंश असताना पेटीतील हवा ४३ च्या खाली कितीही पंखे लावले तरी येणार नाही.

मग किती हवा लागते? एक घनमीटर हवेचे तापमान एक अंशाने वाढविण्यास ढोबळमानाने १२०० ज्यूल उष्णता लागते. आपला २०० वॅटचा संगणक एका मिनिटात २०० गुणिले ६०, म्हणजे १२,००० ज्यूल उष्णता सोडतो. तेव्हा दर मिनिटाला एक घनमीटर हवा पेटीतून गेली, तर ती हवा १० अंशांनी तापून बाहेर पडेल. हवा निम्मी केली तर २० अंशांनी. दुप्पट केली तर ५, चौपट केली तर अडीच. विद्यार्थ्यांनी या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. पहिल्या पंख्याने दहा-पंधरा अंशांचा फरक पडू शकतो, चौथ्या-पाचव्या पंख्याने एखाद-दुसऱ्या अंशाचा. पंख्याच्या खोक्यावर हवेचे प्रमाण 'सीएफएम'मध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, असे छापलेले असते. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. मात्र छापलेला आकडा मोकळ्या हवेतील असतो. जाळी, फिल्टर आणि आतील वायरींचे जंगल यांतून जाताना त्यात बरीच घट होते.

हे सर्व आम्हांला नंतर समजले. आधी आम्ही केली ती चूक अशी. पंखे कमी आहेत असे ठरवून चार स्वस्तातले पंखे आणले, जिथे भोके दिसली तिथे बसविले आणि चौघांनाही एसएमपीएसच्या वायरीवर सरळ जोडून टाकले. अभ्यासिकेत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज येऊ लागला. वाचत बसलेली मुले उठून व्हरांड्यात गेली. संगणक मात्र पूर्वी दोनला बंद पडत होता, तो आता अडीचला बंद पडू लागला.

त्यानंतर अभियांत्रिकीला असलेल्या एका विद्यार्थ्याने एक साधी परीक्षा करून दाखविली. तापमान दाखविणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात; 'एचडब्ल्यूमॉनिटर' हे त्यांपैकी एक. संगणकाला अर्धा तास एखादे जड काम द्यावे आणि प्रोसेसरचे तापमान लिहून घ्यावे. नंतर बाजूचे झाकण काढून तेच काम पुन्हा द्यावे. झाकण काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष हवेच्या वाटेत आहे. दोन-तीन अंशच उतरले, तर कॅबिनेटचे पंखे वाढवून काही साधणार नाही. हीटसिंकमध्ये धूळ बसली आहे किंवा त्याखालील थर्मल पेस्ट वाळली आहे. आमच्याकडे बंद पेटीत ९८ आणि उघड्या पेटीत ८३ अंश आले.

झाकण उघडे ठेवून समोर टेबल फॅन लावणे हा उपाय पुष्कळ घरांत केला जातो. चार दिवस तो चालतोही. पण धूळ थेट मदरबोर्डवर बसते आणि आपल्याकडे पाल व झुरळे यांना ती उबदार जागा फार आवडते. कूलरसमोर संगणक ठेवणे त्याहून वाईट. कूलरने खोली थंड झाली तर संगणकाला फायदाच होतो, परंतु कूलरची झोत थेट अंगावर आली की पाण्याचे तुषार व क्षार आत जातात.

तेव्हा खरा प्रश्न पंखे किती हा नसून हवा कोठून येते आणि कोठून जाते हा आहे. साधी रचना अशी की पुढून खालच्या भागातून हवा आत यावी, हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड व प्रोसेसर यांच्यावरून जावी आणि मागच्या वरच्या भागातून बाहेर पडावी. पंख्याच्या चौकटीवर बहुधा दोन बाण कोरलेले असतात, एक पाते फिरण्याची दिशा दाखवितो व दुसरा हवेची. बाण नसले तर ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने सामान्यतः हवा बाहेर पडते असे समजावे. खात्री करावयाची असेल तर पेटलेली उदबत्ती बाहेरून जाळीपासून वीतभर अंतरावर धरावी. धूर आत ओढला जातो की दूर ढकलला जातो ते लगेच दिसते. आमच्या पेटीत मागचा पंखा उलटा बसविलेला निघाला! तो बाहेरची हवा आत फेकत होता, नवे पुढचे पंखेही आत फेकत होते आणि बाहेर जाण्यास एसएमपीएसच्या भोकाशिवाय धड वाट नव्हती.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक असावी. म्हणजे धूळ फक्त पुढच्या फिल्टरमधूनच येण्याचा प्रयत्न करते व तिथे अडते. उलट बाहेर फेकणारेच पंखे अधिक असले तर प्रत्येक फटीतून धूळ ओढली जाते. काही कॅबिनेटचे पुढचे तोंड दिसायला सुंदर, पण काचेने किंवा प्लॅस्टिकने संपूर्ण बंद असते. अशा पेटीत पुढे तीन पंखे लावले तरी ते फटीतून श्वास घेतात. खरेदीच्या वेळी दिव्यांच्या रोषणाईपेक्षा जाळी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आवाजाविषयी. पंखे वाढविले की आवाज वाढणारच, असे कोणालाही वाटेल. पण पंखा मोठा व संथ असेल तर उलट घडते. बाजारात ८०, ९२, १२० व १४० मिलिमीटरचे पंखे मिळतात. एकाच घडणीच्या पंख्यांत हवेचे प्रमाण वेगाच्या पटीत वाढते, परंतु आकाराच्या घनाच्या पटीत वाढते. हिशोब केल्यास मिनिटाला ८०० फेरे घेणारा १२० चा पंखा जेवढी हवा देतो, तेवढी देण्यास ८० च्या पंख्याला सुमारे २७०० फेरे घ्यावे लागतात. पहिल्याचा आवाज खोलीत जेमतेम जाणवतो, दुसरा कानाशी डास घोंगावल्यासारखा सतत बोचतो.

दुसरा नियम याहून उपयोगी. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. सारखाच आवाज करणारा दुसरा पंखा शेजारी लावला तर फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे एक पंखा जोरात चालविण्याऐवजी तसेच दोन पंखे शेजारी शेजारी निम्म्या वेगाने चालविले, तर हवा साधारण तेवढीच आणि आवाज कागदावर १२ डेसिबलने कमी. दहा डेसिबल उतरले की माणसाच्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात जाळीची शीळ, मोटारीची गुणगुण यांमुळे फायदा थोडा कमी मिळतो, पण मिळतो. पुढचा व मागचा पंखा मात्र अशी बेरीज करीत नाहीत. एक ढकलतो, दुसरा ओढतो, त्यामुळे वाटेतील अडथळा पार होण्यास मदत होते.

हा संथपणा मिळवावयाचा तर जोडणी नीट हवी. एसएमपीएसच्या वायरीवर सरळ जोडलेल्या पंख्याला कायम १२ व्होल्ट मिळतात आणि तो अहोरात्र पूर्ण वेगाने धावतो. त्याऐवजी मदरबोर्डवर 'सिस्टिम फॅन' किंवा 'चेसिस फॅन' अशा अर्थाची संक्षिप्त अक्षरे छापलेल्या जागी तो जोडावा. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करून बदलतो, चार पिनांच्या पंख्यात त्यासाठी वेगळी तार असते व त्या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. बायोसमध्ये जाऊन पंख्याच्या प्रकाराप्रमाणे डीसी किंवा पीडब्ल्यूएम निवडावे आणि कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवून द्यावे. आमच्याकडे प्रोसेसर ६० अंशांपर्यंत असेतो पंखे संथ राहतात व ८५ ला पूर्ण वेग घेतात. थंड प्रदेशातील लोक सुचवितात ते आकडे आपल्या मे महिन्यात चालत नाहीत. तसे ठेवल्यास पंखे दिवसभर ओरडत राहतील. एका जोडणीवर बहुधा १ अँपिअरची मर्यादा असते, म्हणून पंख्यावरील अँपिअरचा आकडा वाचूनच दुभागणारी वायर वापरावी.

उघडण्यापूर्वी भिंतीतील प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. एसएमपीएसची डबी मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो. धूळ रंगाच्या मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने काढावी आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

शेवटी आम्ही काय केले ते सांगतो. मागचा पंखा सुलटा केला. चारांपैकी दोन नवे पंखे पुढे, मदरबोर्डवर जोडून ठेवले आणि दोन दुकानदाराला परत दिले. त्याने कुरकुर केली, पण घेतले. हीटसिंकमधून निघालेली धूळ गादीतील कापसासारखी थराने आली. पेटी टेबलाच्या प्लायवूडच्या बंद कप्प्यात मागे रेटून ठेवली जात असे. त्या कप्प्यात तीच तापलेली हवा फिरून पुन्हा आत जात होती. ती बाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर चौरंगावर ठेवली आणि वरचे भरतकामाचे आच्छादन फक्त रात्री घालण्याचे ठरले. त्याच आठवड्यात, दुपारी, झाकण बंद असताना तापमान ८१ आले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक विद्यार्थी पुढचा फिल्टर धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून लावतो. मुले पुन्हा आत बसून वाचतात. पंखे चालू आहेत की नाहीत हे आता ऐकून कळत नाही, त्यासाठी पेटीच्या मागे हात धरून पाहावा लागतो.