खेळ चौघांचा, दारात पाचवी

शनिवारची संध्याकाळ. पत्ते पिसून झालेत, चिवड्याचा डबा उघडलाय, चौथ्या भिडूची वाट पाहणं चालू आहे आणि बेल वाजते. दारात तुमची मैत्रीण असते, पण एकटी नाही. 'अगं, ही माझ्या ऑफिसमधली, घरी एकटीच होती, म्हटलं चल!' तुम्ही हसून 'या ना' म्हणता. दुसरं म्हणणार तरी काय? आणि मनात आकडेमोड सुरू होते, कारण मेंढीकोट खेळायला चौघंच लागतात.

आमच्याकडे, भिलाईच्या सेक्टर 6 मध्ये, न सांगता येणाऱ्यांचं कुणाला नवल वाटत नाही. 1959 मध्ये इथली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून माणसं कामाला आली. मराठी, बंगाली, तेलुगू, पंजाबी, मल्याळी अशी घरं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिली. नातेवाईक दूर, त्यामुळे शेजारीच नातेवाईक. त्यात कारखान्याच्या शिफ्ट. कुणाची सुट्टी मंगळवारी, तर कुणी रात्री 10 ला सुटणार. वेळ ठरवून भेटायचं म्हटलं तर भेटच होणार नाही. म्हणून वाटीभर साखर मागायला आलेली काकू तासभर बसते आणि जाताना ठेठरीची पुडी ठेवून जाते. ही सवय मला मनापासून आवडते.

पण चहाला आलेला पाहुणा आणि खेळाला आलेला पाहुणा यांत फरक आहे. चहात कपभर पाणी वाढवता येतं. खेळात मात्र कुणीतरी उठावं लागतं.

त्या शनिवारी आमच्याकडे आई उठली. 'तुम्ही खेळा, मला नाहीतरी चहा टाकायचाच होता,' म्हणाली. चहानंतर भजी झाली, भज्यांनंतर पुन्हा चहा. ती पाहुणी मुलगी बिचारी दोन-तीनदा म्हणाली, 'काकू, तुम्ही बसा ना माझ्या जागी,' पण आई कसली ऐकते! आम्ही रात्री साडेदहापर्यंत खेळलो. कप विसळताना आईने सहज विचारलं, 'पुढच्या शनिवारी चौघंच आहोत ना गं?' तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या खेळासाठी तिने दुपारी चारलाच स्वयंपाक उरकून ठेवला होता.

चूक त्या मुलीची नव्हती. मैत्रिणीने विचारलं नाही आणि मी बोलले नाही.

म्हणून कुणाला सोबत न्यायचं असेल तर निघण्याआधी फोन करा, दारात पोहोचल्यावर नाही. आणि प्रश्न असा विचारा की समोरच्याला नाही म्हणता येईल. 'आणू ना?' यात उत्तर आधीच दिलेलं असतं. 'आज किती जण आहात? एकजण वाढला तर चालेल का?' हे बरं. तुम्ही यजमान असाल तर आढेवेढे न घेता सांगा, 'आज चौघांचा डाव ठरलाय, तिला पुढच्या वेळी नक्की आण.' हा नकार ऐकायला कडू वाटत नाही. दारात उभ्या माणसासमोर पडलेला चेहरा जास्त लागतो.

आणि आलीच पाचवी, तर?

तर माणूस उठवू नका, खेळ बदला. पाच जणांना बदाम सात उत्तम. 52 पत्ते वाटले की दोघांना 11 आणि तिघांना 10 येतात, एवढ्याने काही बिघडत नाही. नियम दोन मिनिटांत कळतात. शिवाय यात जोडीदार नसतो, त्यामुळे 'तुझ्यामुळे हरलो' हे नवख्या माणसाला ऐकावं लागत नाही. सहा जण झाले तर मेंढीकोटही जमतो. चारही दुर्री बाजूला काढा, 48 पत्ते उरतात, प्रत्येकी 8 वाटा आणि तिघा-तिघांचे दोन गट करा. शेजारची मुलंही घुसली, तर सरळ हाऊजी काढा. तिकिटं पुरली की झालं, मग सहा वर्षांचा नातू आणि आजी एकाच ओळीत.

कॅरमच हवा असेल तर एक बोर्ड संपला की हरलेल्या जोडीतला एकजण उठेल, हे सुरुवातीलाच ठरवा. उठण्याची पाळी सगळ्यांवर येऊ दे, स्वयंपाकघराजवळ बसलेल्या बाईवरच नको. चालू डावात मात्र कुणालाही घुसवू नका. आणि पैसे लावून खेळत असाल, तर अनोळखी माणूस बसल्यावर पैसे उचला, शेंगदाणे लावा. त्याच्या खिशात किती आहेत हे आपल्याला माहीत नसतं, आणि तो बोलणारही नाही.

न सांगता गेलेल्या पाहुण्यालाही थोडं पथ्य आहे. डाव रंगलेला दिसला तर 'पाच मिनिटं बसते' म्हणा आणि खरंच पाचच मिनिटं बसा. बघत बसायचं असेल तर दोघांचे पत्ते पाहून तिसऱ्याला खुणा करू नका. (आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या नुसत्या भुवया पाहून हुकूम कळतो!) यजमानांनी आग्रह केला तर एक डाव खेळा, दुसऱ्याला स्वतःहून जागा सोडा.

आमच्या घरी आता एक बदल झालाय. पाचवं कुणी आलं की पत्ते आई वाटते आणि चहा मी टाकते. गेल्या शनिवारी ती ऑफिसवाली मुलगी पुन्हा आली, या वेळी रीतसर बोलावलेली, आणि बाबांना उशीर होणार होता म्हणून आईची जोडीदार झाली. चारही मेंढ्या त्या दोघींनी नेल्या. चहा उतू गेला, कारण मी दारात उभी राहून त्यांचा शेवटचा हात बघत होते.