विकर-संशोधन ते उत्पादन : नमुन्याची वंशावळ
डिटर्जंटसाठी नवे प्रोटिएज शोधताना ९६ खळग्यांच्या प्लेटांवर हजारो उत्परिवर्ती प्रकार तपासले जातात. समजा, बी ७ खळग्यातला प्रकार सरस ठरला. तोच फर्मेंटरमध्ये वाढवला, तर दर मिलिग्रॅम प्रथिनामागची क्रियाशीलता निम्मीच आली. दोष जनुकात, माध्यमात की मोजणीत? एक्सेलच्या सुट्या फायलींतून हे उलगडणे कठीण. लिम्स, म्हणजे प्रयोगशाळा माहिती व्यवस्थापन प्रणाली, प्रत्येक नमुन्याला बारकोड देऊन जनुकक्रम, प्लेट, ग्लिसरॉल साठा आणि बॅच एकमेकांशी जोडते. पण नुसती वंशावळ पुरत नाही. १ युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल सबस्ट्रेटचे रूपांतर. तापमान, सामू आणि सबस्ट्रेट नोंदवले नसतील तर तो आकडा निरुपयोगी. म्हणून हे रकाने सक्तीचे हवेत, विद्यार्थ्यांना ते कितीही जाचक वाटोत. आपल्या उदाहरणात प्लेट ३७ अंशांवर तपासली होती, बॅच २५ अंशांवर. पुन्हा ३७ अंशांवर मोजल्यावर फरक मिटला.